कंपनीने ग्रुप मेडिक्लेम कमी केला, तर कर्मचाऱ्याने काय करायचं?

ग्रुप मेडिक्लेम म्हणजे कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी एकत्र घेतलेला आरोग्य विमा. एचआरचा मेल सहसा त्या पॉलिसीचं नूतनीकरण तोंडावर आलं की येतो. मजकूर गोड असतो: आरोग्यलाभ अधिक सुटसुटीत केले आहेत, सोबतची पीडीएफ पाहावी. पीडीएफ उघडली की कळतं, आई-वडिलांचं कव्हर गेलंय, पाच लाखांचे तीन लाख झालेत किंवा दहा टक्के को-पे (बिलाचा ठरावीक हिस्सा स्वतः भरण्याची अट) आला आहे. ज्यांच्या घरी कुणाचं डायलिसिस चालू आहे, कुणाची केमो चालू आहे, त्यांच्या पायाखालची जमीन सरकते. मग चहाच्या टेबलावर एकच प्रश्न फिरतो: कंपनी असं करू शकते का?

या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही असं उत्तर नाही. कोणता लाभ कमी झाला आणि तुम्ही कोणत्या पदावर आहात, यावर ते ठरतं. पण त्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कायद्याचा मार्ग महिन्यांचा आहे, विम्याचा मार्ग दिवसांचा. कंपनीशी भांडण पुढे कधीही करता येईल. जुनी पॉलिसी संपायच्या आत स्वतःची सोय करण्याची मुदत मात्र एकदा गेली की गेली. म्हणून मेल आल्याच दिवशी जुन्या पॉलिसीची शेवटची तारीख शोधा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती ई-कार्डावर किंवा टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या) ॲपवर असते.

पायरी १ : कमी झालेला लाभ कुठून आला होता, ते ओळखा

सगळा गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू. कामाच्या ठिकाणी मिळणारे आरोग्यलाभ तीन ठिकाणांहून येतात: कायद्यातून, लेखी करारातून किंवा कंपनीच्या मर्जीतून. मेलमध्ये ते सगळे एकाच तक्त्यात दिसतात, पण त्यांचं बळ वेगवेगळं आहे.

कायद्यातून येणारे लाभ कंपनीला काढता येत नाहीत. तुम्ही त्याला सही करून संमती दिली असली तरीही नाही. यात पहिला लाभ ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आणि ही योजना लागू असलेल्या आस्थापनेत ज्यांचं मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत आहे (दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी २५,०००), त्यांना ईएसआयचं संरक्षण मिळतं. जुलै २०१९ पासून कर्मचाऱ्याचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के आहे. मालकाचा वाटा तुमच्या पगारातून कापता येत नाही. ‘आम्ही ग्रुप मेडिक्लेम देतो, त्यामुळे ईएसआयची गरज नाही’ असं कंपनी म्हणाली, तर ते चूक आहे; पात्र कर्मचाऱ्याला ईएसआय द्यावंच लागतं. कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्यांची वर्गणी कंत्राटदाराने भरली नाही, तर मुख्य मालकाला, म्हणजे ज्या कंपनीसाठी काम चालतं तिला, हात झटकता येत नाहीत. स्वतःचा विमा क्रमांक वापरून ईएसआयसीच्या (ही योजना चालवणाऱ्या महामंडळाच्या) पोर्टलवर वर्गणी खरोखर जमा होतेय का, हे आजच पाहा. पगारवाढीमुळे २१,००० ची मर्यादा मध्येच ओलांडली, तर त्याच दिवशी संरक्षण तुटत नाही. एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च हा जो वर्गणीचा काळ चालू असेल, तो संपेपर्यंत वर्गणी भरली जाते, आणि तिच्या जोरावर लाभ त्यानंतरही काही महिने मिळतात.

दुसरा लाभ मातृत्वाचा. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा हा कायद्याचा हक्क आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पुरे. मेडिक्लेममधलं मॅटर्निटी कव्हर म्हणजे प्रसूतीच्या हॉस्पिटल बिलाचे पन्नास-साठ हजार देणारं कलम. ती वेगळी गोष्ट आहे. कंपनी ते कव्हर काढू शकते, रजा नाही. रजेवर असताना तुमच्या नोकरीच्या अटी तुमच्या तोट्याने बदलण्याला १९६१ च्या कायद्याने मनाई केली होती. त्या रजेच्या काळात असा बदल तुमच्या एकटीवर आला, तर तो मेल जपून ठेवा.

तिसरा लाभ कामावरच्या अपघाताचा. जे ईएसआयमध्ये नाहीत त्यांना कामामुळे आणि कामाच्या ओघात झालेल्या दुखापतीची भरपाई मालकाने द्यायची असते, उपचारांचा प्रत्यक्ष खर्चही. मेडिक्लेम कमी केला म्हणून ही जबाबदारी कमी होत नाही.

हे सगळे हक्क आता नव्या घरात आले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या आणि ईएसआय, मातृत्व लाभ, औद्योगिक विवाद, वेतन हे जुने कायदे त्यांत सामावले गेले. नेटवर जुन्या कलमांचे आकडे अजून फिरताहेत. तक्रार लिहिताना नव्या संहितेचं नाव लिहा.

आता उरतो ग्रुप मेडिक्लेम. तो द्यायलाच हवा, असा सर्व खासगी कंपन्यांना लागू असलेला कायदा नाही. ‘सरकारने सक्तीचा केलाय’ असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. त्याचं मूळ गृहमंत्रालयाच्या १५ एप्रिल २०२० च्या आदेशात आहे. टाळेबंदीत कामाची ठिकाणं पुन्हा सुरू करायची असतील तर कामगारांचा वैद्यकीय विमा हवा, अशी अट त्यात होती. ती त्या आपत्तीच्या काळापुरती होती. आज तिच्यावर दावा उभा करू नका, पहिल्याच बैठकीत पडेल.

म्हणजे मेडिक्लेमपुरता तुमचा हक्क करारातून किंवा वहिवाटीतून सिद्ध करावा लागतो.

पायरी २ : कागद काढा

नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं, सीटीसीचा (कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणाऱ्या एकूण खर्चाचा) तक्ता, एचआर पॉलिसीची तुम्ही रुजू झालात तेव्हाची आणि आताची प्रत, युनियनशी झालेला करार असेल तर तो, आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या मेडिक्लेमच्या अटींचे कागद. कंपनीच्या पोर्टलवरून हे सगळं स्वतःकडे उतरवून घ्या. बदल जाहीर झाला की जुनी पीडीएफ बऱ्याचदा पोर्टलवरून नाहीशी होते.

वाचताना दोन वाक्यं शोधा. एक, ‘पाच लाखांचा कौटुंबिक आरोग्य विमा’ असा नेमका आकडा कुठे लिहिलाय का? सीटीसीत मेडिक्लेमचा हप्ता तुमच्या मोबदल्याचा भाग म्हणून दाखवलाय का? असेल तर तुमची बाजू भक्कम आहे: मोबदल्यात धरलेली गोष्ट काढली, तर तेवढा मोबदला कमी झाला. दुसरं वाक्य उलट बाजूचं: ‘लाभ कंपनीच्या वेळोवेळीच्या धोरणानुसार राहतील व त्यात बदल करण्याचा अधिकार कंपनीकडे राहील.’ हे बहुतेक नेमणूकपत्रांत असतं आणि कंपनी तेच पुढे करते. या वाक्याने कंपनीला पुढच्या वर्षाच्या अटी बदलता येतात. कायद्यातला हक्क मात्र त्याने हटत नाही, आणि घेतलेल्या हप्त्याचा हिशेब द्यायची जबाबदारीही टळत नाही.

पायरी ३ : बदल नीट वाचा, नुसती विम्याची रक्कम बघू नका

बऱ्याचदा विम्याची रक्कम तशीच ठेवून आतल्या अटी आवळतात. कर्मचारी मोठा आकडा बघून निश्चिंत होतो. रूम रेंटचंच घ्या. विमा पाच लाखांचाच आहे, पण नव्या अटींत खोलीचं भाडं विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये एवढंच मान्य आहे. तुम्ही ८,००० ची खोली घेतली, चार दिवस राहिलात. वाटतं, दिवसाचे तीन हजार, म्हणजे बारा हजार आपल्या खिशातून जातील. पण तसं होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो. तो २,००,००० झाला असेल तर आठाला पाच या प्रमाणात १,२५,००० मंजूर होतात आणि ७५,००० तुमच्यावर येतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, तेव्हा त्यांचे ९०,००० पूर्ण मिळतात. एकूण बिल ३,२२,०००, मंजूर २,३५,०००, खिशातून ८७,०००. त्यावर दहा टक्के को-पे असेल तर आणखी २३,५००. विमा अजूनही पाच लाखांचाच आहे!

म्हणून जुन्या आणि नव्या अटी शेजारी शेजारी ठेवून या जागा तपासा: खोलीची मर्यादा, को-पे, मोतीबिंदू किंवा गुडघेबदलासारख्या शस्त्रक्रियांवरची वेगळी मर्यादा, आधीपासूनच्या आजारांना पहिल्या दिवसापासून कव्हर राहिलंय का, कॉर्पोरेट बफर (स्वतःची विम्याची रक्कम संपल्यावर वापरता येणारी सामाईक रक्कम), आणि कुटुंबाची व्याख्या. मानसिक आजार सरसकट वगळलेले दिसले तर लगेच हरकत घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपनीला मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांच्या बरोबरीने कव्हर द्यावं लागतं. त्याच वर्षीच्या एचआयव्ही-एड्स कायद्याने एचआयव्हीबाधित व्यक्तीशी विम्यात अन्याय्य भेदभाव करायलाही मनाई आहे.

उपचार चालू असतानाच पॉलिसी बदलत असेल तर सहसा भरती झाल्याच्या दिवशी जी पॉलिसी चालू होती, तिच्याखाली दावा बसतो. ठरलेली शस्त्रक्रिया असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर तारीख जुन्या पॉलिसीत बसते का हे टीपीएला लेखी विचारा.

पायरी ४ : तुम्ही कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ आहात का?

हा प्रश्न महत्त्वाचा, कारण कामगाराला जे संरक्षण आहे ते व्यवस्थापकाला नाही. आणि इथे लोक स्वतःलाच कमी लेखतात. लॅपटॉपवर काम करतो, पगार चांगला आहे, म्हणजे आपण कामगार नाही, असं धरून चालतात. औद्योगिक संबंध संहितेत कुशल, तांत्रिक, कार्यचालन आणि कारकुनी काम करणारे सगळे कामगारच आहेत. त्यांना पगाराची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती देखरेखीचं काम करणाऱ्यांना, महिना १८,००० रुपयांची. प्रामुख्याने व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे वगळले आहेत. पदाच्या नावावर हे ठरत नाही, दिवसभर तुम्ही प्रत्यक्षात काय करता यावर ठरतं. ‘असिस्टंट मॅनेजर’ नाव असून हाताखाली एकही माणूस नाही, रजा मंजूर करायचा अधिकार नाही, असे असंख्य लोक आहेत.

तुम्ही कामगार असाल तर संहितेच्या कलम ४० कडे वळा (जुन्या कायद्यातलं ९-अ). तिसऱ्या अनुसूचीतल्या बाबींमध्ये कामगारांच्या तोट्याचा बदल करायचा असेल, तर मालकाने आधी नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर २१ दिवस थांबावं लागतं. मेडिक्लेम हा शब्द त्या अनुसूचीत नाही. पण वेतन आहे, भत्ते आहेत आणि ‘रूढ सवलत किंवा विशेषाधिकार काढून घेणे, अथवा वहिवाटीत बदल’ हेही आहे. वर्षानुवर्षं सर्वांना सारखा मिळत आलेला मेडिक्लेम या शेवटच्या बाबीत बसतो, असा युक्तिवाद करता येतो. बदल युनियनशी झालेल्या तडजोडीनुसार असेल तर मात्र नोटीस लागत नाही.

नोटिशीमुळे बदल कायमचा थांबत नाही. २१ दिवसांत युनियनला वाद उभा करता येतो, आणि वाद समेट अधिकाऱ्यापुढे (तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढे) किंवा न्यायाधिकरणापुढे प्रलंबित असताना त्या वादाशी जोडलेल्या सेवाशर्ती कामगारांच्या तोट्याने बदलायला संहिता मनाई करते. बळ आहे ते यात.

युनियन नसेल तरी वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती असायला हवी, मालक आणि कामगार यांचे समान प्रतिनिधी असलेली. तिच्याकडे एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो आणि तिने ३० दिवसांत काम संपवणं अपेक्षित आहे. तुमच्याकडे ही समिती कागदावर तरी आहे का, ते विचारा. कित्येक ठिकाणी तो प्रश्न विचारल्यावरच ती स्थापन होते.

व्यवस्थापक असाल तर तुमचा आधार करार. लेखी दिलेला लाभ काढल्याने प्रत्यक्ष नुकसान झालं, तर भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ खाली भरपाई मागता येते. दिवाणी दावा लांबतो आणि वकिलाचा खर्च येतो, तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: मोठं बिल अंगावर आलेलं नसेल तर कोर्टाआधी वाटाघाटीचा रस्ता धरा.

पायरी ५ : एकत्र या आणि लेखी विचारा

तोंडी विचारलं तर तोंडी उत्तर मिळतं, आणि ते पुढे कुणालाच आठवत नाही. मेल लिहा. आरोप नको, धमकी नको, स्वतःच्या आजाराचा तपशील तर मुळीच नको. साधारण असा:

> विषय : ग्रुप आरोग्य विम्यातील बदलांबाबत
>
> नूतनीकरणानंतर पालकांचे कव्हर बंद होणार असल्याचे आपल्या मेलवरून समजले. कृपया पुढील माहिती लेखी द्यावी : (१) सध्याच्या पॉलिसीचा शेवटचा दिवस; (२) जुन्या व नव्या पॉलिसीच्या संपूर्ण अटी; (३) विमा कंपनी बदलत आहे काय; (४) सीटीसीत दाखवलेल्या हप्त्याच्या रकमेचे काय होणार; (५) स्वखर्चाने पालकांना चालू ठेवण्याचा पर्याय आहे काय; (६) या बदलाची वैधानिक नोटीस दिली असल्यास तिची प्रत.
>
> माझ्या सेवाशर्तींतील या बदलास माझी संमती आहे, असे या पत्रावरून समजू नये.

शेवटचं वाक्य सोडू नका. पोर्टलवर ‘मी सहमत आहे’ हे बटण दाबल्याशिवाय कुटुंबाची नोंदणीच होत नसेल, तर नोंदणी करा, कव्हर सोडू नका, आणि त्याच दिवशी हे वाक्य मेलने पाठवा.

हेच पत्र चाळीस जणांच्या सहीने गेलं तर वजन वेगळं पडतं. मागणीही शक्य असेल अशी करा. ‘सगळं पूर्ववत करा’ यापेक्षा ‘पालकांचा हप्ता आम्ही निम्मा भरतो, कव्हर ठेवा’, ‘को-पे फक्त पालकांपुरता ठेवा’, ‘चालू उपचार असलेल्यांना यंदा सूट द्या’ या मागण्या मान्य होतात, कारण एचआरलाही वर काहीतरी दाखवायचं असतं. रागाने कुणाला लक्ष्य केलं, बदली केली, तर कामगारांच्या बाबतीत ती अनुचित कामगार प्रथा ठरू शकते.

पायरी ६ : स्वतःचं कव्हर वेळेत उभं करा

ग्रुप पॉलिसीची मालक कंपनी असते, तुम्ही तिचे सदस्य. तरीही एक हक्क तुमचा स्वतःचा आहे आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. इर्डाच्या (विमा नियामकाच्या) नियमांनुसार ग्रुप पॉलिसीतल्या सदस्याला, कुटुंबासह, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच रक्कम असलेल्या) पॉलिसीत जाता येतं. याला मायग्रेशन म्हणतात. अर्ज नूतनीकरणाच्या तारखेच्या किमान ३० दिवस आधी करायचा असतो. फायदा असा की ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षाकाळातून (ठरावीक आजारांचा खर्च मिळत नाही त्या सुरुवातीच्या काळातून) वजा होतात, जुन्या विम्याच्या रकमेपुरती. आधीपासूनच्या आजारांसाठी हा काळ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे. मधुमेह असलेल्या माणसाने कोरी पॉलिसी घेतली तर त्याला तीन वर्षं थांबावं लागू शकतं; ग्रुपमध्ये तीन वर्षं काढून मायग्रेशन केलं तर नाही.

विमा कंपनी अर्ज तपासते, वैद्यकीय चाचण्या मागते, नाकारूही शकते. म्हणून एकाच अर्जावर विसंबू नका. आजार लपवू नका. लपवलेलं नेमकं दावा करायच्या वेळी बाहेर येतं. एचआरकडून किंवा विमा कंपनीकडून आतापर्यंतच्या सलग कव्हरचा दाखला घ्या, प्रत्येक सदस्याच्या नावाचा. एचआरचा मेल आला तेव्हा ३० दिवस उरलेच नसतील, तरी अर्ज करा आणि उशीर कंपनीच्या सूचनेमुळे झाला हे त्या मेलची प्रत जोडून लिहा.

कंपनीने ‘पालकांना तुमच्या पैशाने ठेवा’ म्हटलं तर बाजारातल्या पॉलिसीशी तुलना करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. ग्रुप पॉलिसीवर तो आहे. तरीही सत्तरीच्या, आजारी आई-वडिलांसाठी ग्रुपच सहसा बरा, कारण तिथे चाचण्या नसतात आणि आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. तुम्ही स्वतः भरलेल्या हप्त्याची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते, साठी ओलांडलेल्या पालकांसाठी ५०,००० रुपयांपर्यंत.

पगारातून नवी कपात सुरू झाली तर पगारपत्रक तपासा. वेतन संहितेत कोणत्या कपाती करता येतात याची यादी आहे आणि सगळ्या मिळून त्या वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. तुम्ही मागितलंच नाही अशा टॉप-अपचा (जादा कव्हरचा) हप्ता कापला असेल तर परत मागा. उलट, हप्ता कापला पण ई-कार्डावर नाव नाही, असं दिसलं तर एक दिवसही थांबू नका.

पायरी ७ : तक्रार योग्य दारात न्या

कंपनीने लाभ काढला ही तक्रार कामगार खात्याची: समेट अधिकारी, सहायक कामगार आयुक्त. ईएसआयची वर्गणी भरली नाही तर ईएसआयसीचं कार्यालय. विमा कंपनीने दावा नाकारला किंवा कापला ही तक्रार मात्र वेगळ्या रस्त्याने जाते. आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. एक महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. ग्रुप पॉलिसीच्या सदस्यालाही तिथे जाता येतं, फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. विमा कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाची मुदत आहे. ग्राहक आयोगाचा पर्यायही आहे: हप्ता कंपनीने भरला असला तरी सेवेचा लाभार्थी म्हणून तुम्ही ग्राहक ठरता. तिथे मुदत दोन वर्षांची. हॉस्पिटलात असतानाच अडचण आली, तर कॅशलेसच्या अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचं बंधन विमा कंपनीवर २०२४ पासून आहे. टीपीएच्या प्रतिनिधीला हे शांतपणे सांगा आणि अर्जाची वेळ लिहून ठेवा.

नोकरी सोडत असाल किंवा नोकरी जात असेल, तर ग्रुपचं कव्हर बहुधा शेवटच्या कामाच्या दिवशीच संपतं. नोटीस पिरियडच्या पहिल्याच आठवड्यात मायग्रेशनचा अर्ज टाका. राहिलेली रिइम्बर्समेंटची बिलं शेवटच्या दिवसाआधी टीपीएकडे पोचवून पोच घ्या, आणि क्लेम क्रमांक, जुनं ई-कार्ड, पॉलिसीची प्रत हे सगळं वैयक्तिक मेलवर पाठवून ठेवा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ऑफिसचा मेल बंद होतो.